शटडाऊनला जाताना स्वतःची हत्यारं कशी नेता? गेटवर पाऊण तास अडकलो आणि डायलने रात्र घालवली

लोटेकर फिटर

नमस्कार मंडळी. मी आयटीआय फिटर, ट्रेड पास होऊन चार वर्षं झाली. खेड तालुक्यातला आहे. ठेकेदारामार्फत शटडाऊनची (प्लँट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीची) कामं करतो, लोटे परशुराम, महाड, कधी पाताळगंगा. पंप उघडणं-बसवणं, गिअरबॉक्स, फ्लँज (पाइपचे बोल्टने जोडलेले सांधे), कपलिंग अलाइनमेंट (पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत आणणं). ठेकेदार मोठी हत्यारं देतो (चेन ब्लॉक, ग्राइंडर, मोठे पाइप पाने), पण हातातलं हत्यार ज्याचं त्याने आणायचं, असा आमच्याकडे नियम आहे. आणि मलाही तेच बरं वाटतं. दुसऱ्याचा तोंड पसरलेला पाना नटावरून सटकला की बोटं फुटतात.

माझ्याकडे पाच कप्प्यांची ती उघडणारी लोखंडी पेटी आहे आणि शिवाय एक नायलॉनची पिशवी. गेल्या महिन्यात महाडला बारा दिवसांचं काम होतं. निघताना वाण्याच्या काट्यावर पेटी ठेवली तर २७ किलो. गावातून हायवेपर्यंत मित्राच्या बाइकवर मांडीवर घेऊन, पुढे एसटी. कंडक्टरने पेटी मधल्या वाटेत ठेवू दिली नाही, मागे डिकीत टाकली. पाऊस धो धो. डिकीत पाणी शिरलं असणार, कारण खोलीवर पेटी उघडली तेव्हा तळाशी बोटभर पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पान्यांवर तांबूस थर.

पण गंज घासून निघतो. खरं दुखणं डायलचं झालं. डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजायचं हत्यार) मी फडक्यात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवला होता आणि एसटी आदळत गेली तेव्हा वरचा हातोडा त्याच्यावर आला असावा. तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठला पंप-मोटरच्या कपलिंगवर डायल लावला. एकदा फिरवलं तर एक रीडिंग, परत फिरवलं तर दुसरं. मोटरच्या पायाखाली शिम (पातळ पट्ट्या) घातल्या, काढल्या, परत घातल्या. मोटरचे पाय सैल आहेत का बघितलं, फाउंडेशन बोल्ट तपासले, बेअरिंगवर संशय घेतला. रात्री एक वाजता इंजिनियर साहेबांनी आपला डायल आणून लावला तेव्हा समजलं की माझ्या डायलचा काटा मधेच अडकतोय. पाच तास आणि माझ्याबरोबर दोन हेल्पर, सगळे उभे. कोणी काही बोललं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटच्या दिवशी गेटवर दुसरं. आत जाताना गेटपासवर मी 'स्पॅनर सेट १' असं लिहिलं होतं, गार्डने मोजून बाजूला १२ लिहिलं. बाहेर पडताना ११. बत्तीसचा रिंग पाना दुसऱ्या गँगला दिला होता, तो सहा इंची लाइनच्या स्टेजिंगवर (उंचावरच्या कामासाठी बांधलेल्या पाइपच्या मचाणावर) राहिला. तो आणायला परत आत जायला परवाना हवा, परवाना द्यायला माणूस जागेवर नाही. पाऊण तास गेला. आमच्या गँगचा टेम्पो निघून गेला.

आता दिवाळीनंतर गुजरातला दोन महिन्यांचं काम आहे, रेल्वेने जायचंय. तेव्हा अनुभवी लोकांनी सांगा: पेटी ठेवू की पिशवी घेऊ? डायल कसा नेता? गेटची यादी कशी करता? आणि आमच्या कोकणातल्या हवेत गंज कसा थांबवता?

---

जुना मिलराइट

तुझा डायलचा प्रसंग वाचला. ती रात्र मी ओळखतो. पण एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती पेटीपेक्षा महत्त्वाची आहे. डायल बेसवर (चुंबकाच्या स्टँडवर) लावला की रीडिंग घ्यायच्या आधी खालची पिन बोटाने उचलायची आणि सोडायची. चार वेळा. चारही वेळा काटा त्याच आकड्यावर आला तर पुढे जायचं. एक मिनिट लागतं. मी हे दररोज करतो, डायल काल चांगला होता तरी करतो. आणि पिनीवर तेल कधी टाकू नकोस. तेलावर धूळ बसते आणि तीच पुढे पीन अडकवते. नुसतं कोरड्या मऊ कापडाने पुसायचं.

डायल पेटीत जाणारच नाही. माझा डायल त्याच्या फोमच्या डबीत, ती डबी स्टीलच्या जेवणाच्या डब्यात आणि तो डबा माझ्या कपड्यांच्या बॅगेत टॉवेलांच्या मधे. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि व्हर्नियरसुद्धा तिथेच. मॅग्नेटिक बेस मात्र पेटीत, तो दणकट असतो. कपड्यांची बॅग मी डोक्याशी घेऊन झोपतो, पेटी बाकाखाली. मोजायचं हत्यार आणि मारायचं हत्यार एका छपराखाली ठेवायचं नाही, हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी भोसरीत शिकलो, नंतर चाकण, तारापूर, रसायनी असं ३१ वर्षं केलं.

आता पेटी की पिशवी. दोन्ही ठेव, पण दोघींची कामं वेगळी. तुझी पेटी प्रवासाला पण, गेटवर पण आणि प्लँटमध्ये कामाच्या जागी पण तीच जाते, म्हणून सगळं गुंतलंय. माझी पेटी कंपनीच्या आत शेडमध्ये कुलपात राहते. कामावर पिशवी जाते आणि पिशवीत फक्त त्या दिवसाचं हत्यार. सकाळी परमिट हातात आलं की काम काय ते बघायचं आणि पेटीतून पिशवीत काढायचं.

फ्लँजचं काम असेल तर बघ. १५० क्लासची (क्लास म्हणजे फ्लँजचा दाबाचा दर्जा) दीड इंचापर्यंतची लाइन म्हणजे अर्ध्या इंची स्टड (दोन्ही टोकांना नट लागणारा बोल्ट), तिथे २२चा पाना. तो कधी फार घट्ट बसतो, म्हणून एक ७/८ इंची ठेवतो. दोन ते चार इंच लाइनला ५/८ स्टड, २७चा पाना. सहा आणि आठ इंचाला ३/४ स्टड, ३२चा. प्रत्येकी दोन, कारण एक फिरवायला आणि एक समोरून धरायला. म्हणजे चार इंची लाइनवर जाताना २७चे दोन रिंग पाने, एक पोडगर (भोकं जुळवायला टोकदार शेपटीचा पाना), एक हातोडा, गॅसकेट खरवडायला पत्रा आणि वायर ब्रश. बस. साधे मिलिमीटरचे बोल्ट असतील तिथे १३, १७, १९, २४, ३०. बाकी सगळा सेट खांद्यावर घेऊन पाइप रॅक चढायचं कारणच नाही.

गेटचं ऐक. 'स्पॅनर सेट १' असं पुन्हा कधी लिहू नकोस. सेटमध्ये किती, हे आत जाताना कोणी विचारत नाही, बाहेर पडताना सगळे विचारतात. प्रत्येक हत्यार मापासकट आणि नगासकट लिही: रिंग पाना २७, नग २. रिंग पाना ३२, नग २. पक्कड ८ इंची, नग १. ॲलन की १.५ ते १०, नग ९. दोन प्रती कर, दोन्हीवर शिक्का घे, आपली प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून झाकणाच्या आतून चिकटव. मग पेटी त्याच क्रमाने लाव. यादीत पहिली ओळ जी, पेटीत पहिला कप्पा तोच. गार्ड ओळ वाचतो, मी कप्प्यावर बोट ठेवतो, दुसरी ओळ, दुसरा कप्पा. माझी ४० ओळींची यादी पाच मिनिटांत होते. आणि यादीचा खरा फायदा गेटवर नाहीच. शिफ्ट संपताना मी स्वतः एकदा तीच यादी वाचतो. बत्तीसचा पाना स्टेजिंगवर राहिला, हे तुला त्याच संध्याकाळी कळलं असतं, शेवटच्या दिवशी नाही.

पान्यांसाठी गुंडाळी शिवून घे. बाजारात तयार मिळते, पण तिचे खिसे सगळे सारखे असतात आणि बत्तीसचा पाना त्यात मावत नाही. आमच्याकडे टेम्पोच्या ताडपत्र्या शिवणारा आहे, त्याच्याकडे मी माझे पाने घेऊन गेलो, जमिनीवर मांडले आणि हिरव्या कॅनव्हासवर खडूने आखून दिलं. १४ खिसे, प्रत्येक पान्याच्या रुंदीचा, डावीकडून लहान ते मोठा. वर एक वितभर पदर सोडलाय, तो आधी आत दुमडायचा म्हणजे गुंडाळताना पाना वरून निसटत नाही. प्रत्येक खिशाच्या तोंडाशी पांढऱ्या रंगाने माप लिहिलंय. गुंडाळी उघडली की रिकामा खिसा लगेच दिसतो आणि कुठलं माप गेलं तेही कळतं. जुन्या न्हाव्यांची धोकटी बघितली असशील तर समजेल, वस्तरा कुठे आणि कैची कुठे, हे हाताला माहीत असतं.

हत्यारावर खूण कर. नुसता लाल पट्टा नको, साइटवर निम्म्या लोकांचा लालच असतो. दोन रंग घे, माझे पिवळा आणि निळा. बायकोच्या नेलपॉलिशचा रंग ऑइलपेंटपेक्षा जास्त टिकतो, तेलाने लगेच सुटत नाही. नाव ठोकायचं असेल तर पान्याच्या दांड्यावर ठोक, तोंडाजवळ नको, तिथे पोलादावर घाव घालायचा नाही.

गंज. भिजलेलं हत्यार त्याच रात्री पुसायचं, कितीही थकला असलास तरी. आधी कोरडं, मग मशीन ऑइलच्या फडक्याने पातळ हात. पाणी हटवायचा स्प्रे पाणी काढायला चांगला, पण महिनाभर ठेवायला तेलच. गोणपाटात हत्यार गुंडाळू नकोस, ते ओल धरून ठेवतं. आणि तुझ्या पेटीच्या तळाला कोपऱ्यात दोन छोटी भोकं पाड. तुला वाटेल त्यातून पाणी येईल, पण शिरलेलं पाणी बाहेर जाईल ते महत्त्वाचं. प्रवासात पेटी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांध.

रेल्वेला स्लीपरमध्ये ४० किलो सामान फुकट आहे, सेकंड सिटिंगला ३५. कपडे धरून त्यात बसव. पेटी १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरच्या आत असली पाहिजे, तुझी असेलच. उंची मोजून बघ फक्त, कडी धरून.

---

इन्स्ट्रुमेंटवाली

काकांनी फिटरचं सगळं सांगितलं. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, तारापूरकडे. माझं सामान हलकं पण महाग, म्हणून थोडं वेगळं सांगते.

ज्या वस्तूला सिरीयल नंबर आहे, तो गेटपासवर लिहाच. मल्टिमीटर, लूप कॅलिब्रेटर, हार्ट कम्युनिकेटर (शेवटची दोन इन्स्ट्रुमेंट तपासायची उपकरणं). एका कंपनीत मला बाहेर पडताना सांगितलं की हा मल्टिमीटर आमचाच दिसतो, आमच्याकडे असाच आहे. नंबर लिहिलेला होता म्हणून दोन मिनिटांत मिटलं. शिवाय कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची झेरॉक्स डबीतच ठेवते, कारण काही ठिकाणी सर्टिफिकेट बघितल्याशिवाय मीटर आत घेऊ देत नाहीत. लोटेकर भाऊ, नवीन डायल घेतलात तर त्याचंही सर्टिफिकेट सांभाळून ठेवा.

बॅगेबद्दल माझं मत काकांपेक्षा जरा वेगळं आहे. एका खांद्याची पिशवी मी सोडून दिली. कॉलमच्या (प्लँटमधल्या उंच टॉवरच्या) मंकी लॅडरवर, म्हणजे सरळ उभ्या शिडीवर, चढताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि एका खांद्याची पिशवी घसरून पुढे येते. मी पाठीवरची टूल बॅग वापरते, तळाला कडक प्लास्टिक असलेली, म्हणजे ओल्या ग्रेटिंगवर (लोखंडी जाळीच्या फरशीवर) ठेवली तरी आतलं भिजत नाही. सहा किलोच्या वर भरत नाही. सुरुवातीला भरायचे, कारण खाली हत्यार राहिलं की कोणीतरी म्हणायचं, 'मॅडम, राहू द्या, मी आणतो.' मला ते नको होतं, म्हणून सगळंच घेऊन चढायचे. मग मान दुखायला लागली. आता चढायच्या आधी लूप ड्रॉइंग (इन्स्ट्रुमेंटच्या जोडणीचा नकाशा) बघते आणि काय लागेल ते खालीच ठरवते. परत उतरावं लागलं तर मीच उतरते.

उंचीवर हत्यार दोरीने बांधा. लहान पाने, स्क्रू ड्रायव्हर मनगटाला किंवा पट्ट्याला. जड घण माणसाला बांधायचा नाही, तो सुटला तर माणसालाच खेचेल, तो स्टेजिंगच्या पाइपला बांधायचा.

आणि सॉल्व्हंटच्या भागात आपला लोखंडी हातोडा नेऊ नका, गेटपासवर असला तरी. तिथे ठिणगी न उडणारी हत्यारं लागतात, बेरिलियम कॉपरची किंवा ॲल्युमिनियम ब्राँझची. ती कंपनीच्या स्टोअरमधून सही करून घ्यायची आणि संध्याकाळी परत करायची. आपल्या पेटीत चुकूनही जाऊ द्यायची नाहीत. पिवळसर रंगाची असतात, ओळखू येतात.

---

मस्कतहून

मी पाइप फिटर, सांगलीकडचा, सहा वर्षं ओमानमध्ये. इथे कोणी विमानाने जाणारं वाचत असेल म्हणून लिहितो.

हातातलं हत्यार केबिनमध्ये सोडत नाहीत, सगळं चेक-इनला. पण कॉर्डलेस ड्रिलची सुटी बॅटरी उलट, ती चेक-इनला चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यायची. वॉट-अवर बघायचे: १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ९०. शंभरच्या आत परवानगी लागत नाही. शंभर ते एकशे साठला एअरलाइनला आधी विचारावं लागतं. बॅटरीच्या टोकांना इन्सुलेशन टेप लावायची आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत. माझ्या बरोबरच्या एकाने बॅटरी पेटीत ठेवली होती, काउंटरवर सगळी पेटी उघडून शोधावी लागली, मागे रांग उभी.

एका बॅगेत ३२ किलोच्या वर कुठेच घेत नाहीत, जास्तीचे पैसे भरले तरी. लोडिंग करणाऱ्या माणसाच्या पाठीचा तो हिशोब आहे. मी पाने दोन बॅगांत अर्धे-अर्धे टाकतो. एक बॅग मागे राहिली तरी दुसऱ्या दिवशी कामाला उभं राहता येतं.

---

लोटेकर फिटर

काका, ताई, भाऊ, तिघांचे मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितल्यावर आज चिपळूणला ताडपत्रीवाल्याकडे जाऊन आलो. पाने जमिनीवर मांडले. तो म्हणाला, ३२चा खिसा दुहेरी शिवावा लागेल, वजनाने फाटेल. परवा मिळणार आहे. पेटीच्या तळाला भोकं पाडली. यादी लिहायला बसलो तेव्हा कळलं की १९चा एक पाना कुठे आहे मला माहीतच नाही. पाताळगंगेला राहिला असणार, म्हणजे सात महिने झाले.

एकच विचारायचंय. कामावर दुसऱ्या गँगचा माणूस पाना मागतो तेव्हा नाही कसं म्हणायचं? बत्तीसचा पाना असाच गेला होता. ओळखीचे लोक असतात, पुढच्या शटडाऊनला परत भेटणार. आणि मीही मागतो कधी कधी.

---

जुना मिलराइट

नाही म्हणू नकोस. साइटवर मागितलेला पाना द्यायचा, मीही आयुष्यभर दिला आणि घेतला. पण दिलास की गुंडाळीच्या त्या रिकाम्या खिशात एक चिठ्ठी खोच: कोणाला, कुठल्या लाइनवर. मी जुन्या गॅसकेटच्या शीटचे तुकडे कापून ठेवलेत, त्यावर खडूने लिहितो. तेल लागलं तरी फाटत नाही, पुसून परत वापरता येतात. समोरच्याच्या देखत लिहायचं. तोही मग विसरत नाही, स्वतः आणून देतो.

१९चा पाना दसऱ्याच्या आत घेऊन टाक. खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडशील तेव्हा यादी हातात घेऊनच मांड. आमच्याकडे हळद-कुंकू वाहायच्या आधी मी प्रत्येक हत्यार हातात घेऊन बघतो. पान्याचं तोंड पसरलंय का, हातोड्याचा दांडा हलतो का, छिन्नीचं डोकं फुललंय का. फुललेलं डोकं ग्राइंडरवर घासून काढायचं, नाहीतर घाव बसला की त्याची कपची उडते. बाद झालेलं बाजूला ठेवतो, त्यालाही फूल वाहतो, पण पेटीत परत ठेवत नाही.

गुजरातला पोचलास की पहिल्या दिवशी डायलची पिन चार वेळा उचल आणि काय आकडा आला ते इथे लिही.